जुन्या जीपच्या नव्या ब्रेकला कायद्यात वाट द्या

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,



महोदय,

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. जुन्या महिंद्रा जीप हे माझे मुख्य काम. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. जुन्या गाडीला त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचे ब्रेक बसवायला कायद्यात रीतसर वाट करून द्या. कोणते भाग बसवायचे ते ठरवा, बसवल्यावर तपासणी करा आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्याची नोंद होऊ द्या. हे काम आज तालुक्या-तालुक्यात होते आहे. ते कोणी तपासत नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो लहान नाही.

आमच्या भागात जीप हा शौक नंतर झाला, आधी ती गरज होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप जुळवल्या जाऊ लागल्या, आणि ज्या सीजे-थ्री-बी मॉडेलचे उत्पादन अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले ते आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत एसटी पोचायच्या आधी पोचली ती जीप. बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले जीपने, लग्नाचे वऱ्हाड आणले जीपने, वडाप, म्हणजे माणशी भाड्याची वाहतूक, चालली तीही जीपवर. त्यातल्या पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मालक पर्यावरण कर भरतो, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतो आणि गाडी चालवतो. कायद्याच्या नजरेत ती गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे.

पण तिचे ब्रेक तिच्या काळाचे आहेत. मूळ विलीजला चारही चाकांना नऊ इंची ड्रम, फूटबोर्डाखाली चालकाच्या पायाशी बसवलेला एकच मास्टर सिलेंडर आणि त्यातून चारही चाकांना जाणारी एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. पायाचा जोर वाढवायला बूस्टर नाही. ती गाडी बनली तेव्हाच्या रस्त्यांना आणि तेव्हाच्या वेगाला हे पुरे होते. आज तीच जीप पुणे-बंगळूर महामार्गावर ऐंशीने जाते, आणि तिच्या पुढे एबीएसची गाडी असते. १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले. पुढची गाडी जिथे थांबते तिथे मागची जीप थांबत नाही.

वेगाचा हिशोब माणसाच्या अंदाजाला फसवतो, म्हणून आकडे देतो. दीड टनाची जीप ताशी चाळीसने जाताना ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या चौपट ऐंशीला लागते, सुमारे ३७० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने लिटरभर थंड पाणी उकळते, तेही चारपाच सेकंदांत. आणि हा एकदा थांबण्याचा हिशोब झाला. आंबेनळी घाट घ्या. महाबळेश्वर सुमारे तेराशे मीटरवर, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. दीड टनाची गाडी खाली उतरते तेव्हा अठरा मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जायला हवी. साठेक लिटर पाणी उकळेल एवढी ही उष्णता. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. त्यांचे ऐकले तर यातला मोठा वाटा इंजिन घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरणाऱ्याच्या बाबतीत मात्र सगळा भार त्या नऊ इंची ड्रमवर पडतो.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतून त्याला धरणाऱ्या शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाऊ लागते. लायनर तापून गुळगुळीत होतो आणि धरत नाही. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो. कोरडे डॉट-फोर ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या ऑइलला हीच हमी १५५ अंशांची उरते. ऑइल उकळले की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय फळीपर्यंत जातो. कोकणातल्या पावसात आणखी एक गोष्ट असते. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढची चारदोन वळणे ब्रेक नावालाच असतो. याउलट नव्या गाड्यांतली डिस्क उघडी असल्यामुळे फिरता फिरता पाणी झटकून टाकते, तापली तर वाऱ्याने थंड होते, आणि फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही.

म्हणून लोक डिस्क मागतात. मागतात ते योग्यच आहे. महिंद्राचीच बोलेरो २००० साली आली, तिला पुढे डिस्क आहेत, आणि तिच्या भागांचा बाजार खेड्यापर्यंत पसरलेला आहे. पुण्याच्या नाना पेठेत नवे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), डिस्क, पॅड मिळतात, भंगारातल्या गाडीचा अख्खा पुढचा संच मिळतो. चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळही जुन्या जीपच्या मापाचे असल्यामुळे कामाला हात घालावासा वाटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती सांगितली नाही तर माझ्या मागणीचा गैरअर्थ होईल. प्रत्येक जुन्या जीपला डिस्कची गरज नाही. गावातल्या गावात शेतावर जाणाऱ्या जीपचे ड्रम लेथवर सरळ करून घ्या, लायनर बदला, व्हील सिलेंडरचे वॉशर आणि रबरी होज नवे टाका, ऑइल बदला, शू नीट सेट करा. ती गाडी मालकाच्या अपेक्षेपेक्षा बरी थांबते. गिऱ्हाईक डिस्कचे बोलत आले की मी आधी हेच करायला सांगतो, आणि अनेकांचे काम तेवढ्यावर भागते. डिस्क लागते ती महामार्गावर आणि घाटात रोज असणाऱ्याला. त्याला मात्र ती नीट बसवून मिळाली पाहिजे.

नीट म्हणजे काय, इथेच सगळे अडते. लोकांना वाटते ब्रेक म्हणजे चाकापाशी दिसतो तो भाग. कॅलिपर आणि डिस्क बसली की काम झाले. पण पेडलपासून टायरपर्यंतचा एकेक तुकडा दुसऱ्याच्या मापाने केलेला असतो, हे फोडून बघितल्याशिवाय कळत नाही.

वाईकडची एक जीप माझ्याकडे आली होती. दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजमध्ये पुढे बोलेरोची डिस्क बसवलेली, काम दिसायला स्वच्छ, रंगसुद्धा दिलेला. मालकाची तक्रार अशी की पसरणीचा घाट चढताना गाडी जड होते, पाचगणीला पोचेपर्यंत पुढून वास येतो, आणि थोडा वेळ थांबले की सगळे ठीक. चढाला ब्रेक कोण मारतो? जॅक लावून पुढचे चाक हाताने फिरवले तर फिरेना. ब्लीडरचा, म्हणजे लाइनमधली हवा काढायचा, नट जरा ढिला केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. आत दाब अडकलेला होता.

कारण मास्टर सिलेंडरमध्ये होते. ड्रमच्या गाडीच्या मास्टर सिलेंडरमध्ये एक छोटा झडपेचा तुकडा असतो. ब्रेक सोडल्यावरही तो लाइनमध्ये थोडा दाब, साधारण दहा पीएसआय, धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलेंडरच्या वॉशरच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रमला हा दाब चालतो, कारण तिथे शू मागे ओढायला दणकट स्प्रिंग असते. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी सील ब्रेक लागताना किंचित पिळले जाते आणि सोडल्यावर तेच पिस्टनला केसभर मागे आणते. त्या केसभर हालचालीला दहा पीएसआय दाब पुरून उरतो. पॅड डिस्कला टेकून राहते, डिस्क तापते, ऑइल तापून फुगते, दाब वाढतो, पॅड आणखी घट्ट धरते. काम करणाऱ्याने कष्टात कसूर केली नव्हती. जुना मास्टर सिलेंडर तसाच ठेवायचा नसतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि झडप काढून टाका, असे एका ओळीत सांगूनही भागत नाही. फूटबोर्डाखालच्या मास्टर सिलेंडरची पातळी कॅलिपरपेक्षा खाली असेल तर झडप नसताना ऑइल मागे उतरते आणि पहिल्या दाबाला पेडल रिकामे जाते. तिथे साधारण दोन पीएसआयची हलकी झडप लागते.

मास्टर सिलेंडरच्या आतल्या व्यासाचेही तसेच आहे. कॅलिपरच्या पिस्टनला ऑइल जास्त लागते. जुन्या लहान सिलेंडरने पेडल खोल जाते. मोठ्या व्यासाचा घातला तर पेडल वर येते, पण पायाच्या त्याच जोराला दाब कमी मिळतो. त्यात ड्रमचा एक गुण डिस्कमध्ये नाही. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, पायाला मदत करतो. डिस्क तशी मदत करत नाही, म्हणूनच डिस्कच्या बहुतेक गाड्यांना बूस्टर असतो. डिस्क बसवली आणि बूस्टर दिला नाही, तर जीप आधीपेक्षा उशिरा थांबू शकते. पेडल दगडासारखे कडक लागते आणि चालकाला वाटते की ब्रेक जबरदस्त झाला. बूस्टरला निर्वात लागतो. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो, डिझेलमध्ये नाही. तिथे ऑल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप हवा, त्याला ऑइलची लाइन हवी. पुढच्या चाकापासून सुरू झालेले काम असे इंजिनच्या पट्ट्यापर्यंत पोचते. खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की बूस्टर राहून जातो.

पाइपच्या नटांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या जीपचे नट इंची मापाचे, तीन अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला चोवीस आटे. नव्या गाडीची छिद्रे मेट्रिक, दहा मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटर आटा. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. म्हणजे जुना नट नव्या छिद्रात जातो. दोनतीन फेरे गोडीने फिरतो, पान्याने आवळला तर घट्टही वाटतो. पाइप जोडलेला दिसतो, ऑइल गळत नाही, गाडी गिऱ्हाईकाकडे जाते. आट्याचा मात्र फक्त काठ पकडलेला असतो. ज्या दिवशी समोर जनावर येते आणि चालक जिवाच्या आकांताने पेडल दाबतो, त्याच दिवशी तो नट सुटायची वेळ येते. मी असा नट पाहिला आहे. पाना न लावता बोटांनी हलवला तर छिद्रात डुगडुगत होता. पाइपच्या टोकाचा फ्लेअरही दोन गाड्यांचा वेगळा असतो, तो तसाच दाबून बसवला तर बसल्यासारखा वाटतो.

कॅलिपर धरणारे ब्रॅकेट बहुतेक वेळा लेथवाल्याकडून करून घ्यावे लागते. त्यावर किती जोर येतो ते पाहा. जोरात ब्रेक मारला तेव्हा पुढच्या एका चाकावर पाचशे किलो वजन धरले तर रस्ता टायरला चारशे किलोच्या आसपास जोराने मागे ओढतो. टायरची त्रिज्या पस्तीस सेंटिमीटर आणि पॅड डिस्कला धरते ती त्रिज्या बारा. म्हणजे कॅलिपरवर जवळजवळ तिप्पट, बाराशे किलोंचा रेटा येतो. तो सगळा दोन बोल्ट आणि एका पट्टीवर पेलायचा आहे. ती पट्टी कोणत्या पोलादाची आहे, वेल्डिंग कोणी केले, बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिले आहे की काहीच लिहिलेले नाही, हे आज कोण बघते?

बाकीच्या चुका पटकन सांगतो. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला तर ब्लीडर खाली येतो आणि कितीही पंप केले तरी वरची हवा निघत नाही. भंगारातून आणलेली डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झालेली असते. सोळा इंची रिम काढून पंधरा इंची टाकली की कॅलिपर आतून घासतो. मागेही डिस्क टाकण्याचा मोह तर फारच वाईट. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात. मागचा ब्रेक जास्त झाला तर ती आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. सीजे-थ्री-बीचा व्हीलबेस अवघा ८० इंच, ती लांब गाडीपेक्षा लवकर फिरते. म्हणून मागचे ड्रम ठेवावेत, जसे ते बोलेरोला आहेत, आणि मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह द्यावा. एबीएसच्या गाडीतून एबीएस काढून जीपला बसवा, असे सांगणारेही भेटतात. ते होऊच नये. एबीएसचा संगणक त्या एका मॉडेलच्या वजनाला, टायरला आणि सेन्सरला जुळवलेला असतो.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की मूळ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले. नियमात न बसणारा फेरफार, त्यात सुटे भाग नव्याने बसवणेही आले, मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, आसने, वजन, रंग असतो. ब्रेकचा प्रकार नसतो. मग डिस्क बसवली तर आरसीशी विसंगती झाली का? एक अधिकारी म्हणेल नाही, दुसरा म्हणेल मूळ उत्पादकाने ड्रम दिले होते. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर ही तिसरी नजर येते. मालक मग एकच शहाणपण शिकतो, की कोणाला सांगायचे नाही. नूतनीकरणाला गाडी नेताना विषय काढायचा नाही, पॉलिसी घेताना काढायचा नाही. ज्या कामावर सगळ्यात जास्त डोळे हवेत ते लपून होते.

२०१९ च्या याच दुरुस्तीने आपल्या हाती एक अधिकार दिला आहे. वाहनातील फेरफार आणि नवे भाग बसवणे यांसाठी तांत्रिक निकष आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकते, अशी तरतूद कलम ५२ मध्येच आहे. तो अधिकार ब्रेकसाठी वापरा, एवढेच मी मागतो. यासाठी नवा कायदा लागत नाही.

ही पद्धत आपल्याला नवीन नाही. सीएनजीचे किट पाहा. डिक्कीत २०० बार दाबाचा सिलेंडर बसवायला आपण परवानगी देतो, कारण किट मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असते, ते अधिकृत केंद्रात बसते, आरसीवर नोंद होते आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते. जुन्या गाडीला विजेची मोटर बसवायलाही नियम आहेत. दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करायला कायद्याने वाट दिली आहे. गाडी पळवण्याच्या साधनांत बदल करता येतो, तर ती थांबवण्याच्या साधनांत सुधारणा करायलाही तशीच वाट हवी.

माझ्या डोळ्यांपुढे जे आहे ते असे. मान्यता सुट्या भागाला देऊ नका, जोडीला द्या. कोणत्या जुन्या मॉडेलला कोणत्या नव्या मॉडेलचा संच, हे ठरलेले असावे, आणि संच पूर्ण असावा. डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलेंडर, बूस्टर, डिझेल गाडीला व्हॅक्यूम पंप, मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह, होज आणि योग्य आट्याचे पाइप, हे सगळे एका खोक्यात, एका क्रमांकाखाली. त्यातला एक भाग कमी करून विकायला बंदी. असा संच मूळ कंपनीने काढला तर उत्तम, कारण दोन्ही गाड्यांची रेखाचित्रे तिच्याकडेच आहेत. कंपनीला रस नसेल तर सुटे भाग बनवणाऱ्यांना मुभा द्या.

तपासणीची सोय पुण्यातच आहे. एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था १९६६ पासून आहे, आणि ब्रेकच्या परीक्षेचे भारतीय मानक, आयएस ११८५२, तयार आहे. त्या परीक्षेत थंड ब्रेक कसा थांबवतो हे पाहतात, आणि पुन्हा पुन्हा मारून तापवलेला ब्रेक किती उरतो हेही पाहतात. आमच्या घाटांसाठी ही दुसरी परीक्षाच खरी. संच एकदा पास झाला की प्रत्येक जीप पुण्याला न्यायची गरज नाही. बसवल्यावर जिल्ह्याच्या पातळीवर रोलर ब्रेक टेस्टर पुरे. तो प्रत्येक चाकाची ओढ वेगळी दाखवतो, डाव्या-उजव्यातला फरक लगेच उघडा पडतो, मागचे चाक पुढच्याच्या मानाने किती धरते हे कळते. स्वयंचलित तपासणी केंद्रे आपण उभारत आहातच. त्या यंत्राची छापील पावती आरसीच्या नोंदीसोबत जोडली की मालक, अधिकारी आणि विमा कंपनी तिघेही एकाच कागदावर बोलतील.

बसवणाऱ्याचेही शिक्षण हवे. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन आलेला मुलगा ब्रेक दुरुस्त करायला शिकलेला असतो, दोन गाड्यांचे भाग एकमेकांना जुळवायला नाही. थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम, प्रत्यक्ष गाडीवर परीक्षा आणि त्याचे प्रमाणपत्र ठेवले तर माझ्यासारखे गॅरेजवाले स्वतःहून येतील. आमचे नाव आणि सही त्या कामाखाली असावी, ही आमचीच इच्छा आहे.

जुनी गाडी मोडीत काढावी, तिच्यावर इतका विचार कशाला, असे कोणी म्हणेल. मोडीत काढण्याचे धोरण २०२१ मध्ये आले आणि निकामी गाडी तिकडे जावी हे मलाही मान्य आहे. पण महाराष्ट्रात नूतनीकरण होऊन चालणारी जीप उद्याही चालणार आहे. डोंगरातल्या शेतकऱ्याला तिच्या जागी नवी फोर-बाय-फोर परवडत नाही. जोवर ती रस्त्यावर आहे तोवर तिच्या समोरून शाळेची मुले चालत जातात. ती मुले गाडीचे वय विचारून रस्ता ओलांडत नाहीत.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. उत्पादकाने तपासून दिलेली गाडी ती तपासलेली, बदललेली गाडी ती न तपासलेली. ही भूमिका मला समजते, आणि वर लिहिलेल्या चुका पाहता तिच्यात तथ्यही आहे. पण बंदीने न तपासलेल्या गाड्या कमी झालेल्या नाहीत. त्या फक्त आपल्या कागदांवर दिसत नाहीत. तपासणीची वाट उघडली तर अर्धवट काम केलेली गाडीही पास व्हायला येईल, रोलरवर नापास होईल, आणि तिथेच मालकाला कळेल की बूस्टर नाही म्हणून ती थांबत नाही. आज त्याला हे घाटात कळते.

पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी आपल्या मंत्रालयाने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी केली, ‘व्हीए’ अक्षरांची. त्या गाड्या मूळ रूपात जपायच्या आहेत, त्यांना या मागणीतून वगळावे. माझी मागणी रोज राबणाऱ्या गाडीपुरती आहे.

नियमाचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा हरकती आणि सूचनांना मुदत असते. या नियमाचा मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयांच्या फलकावर लावायला सांगा. या कामात हात काळे केलेली माणसे इंग्रजी राजपत्र वाचत नाहीत, पण कोणता नट कुठे फसतो हे त्यांना सगळ्यांत आधी कळते. चाचणीसाठी जुन्या जीप लागतील. ड्रमची एक, अर्धवट डिस्क बसवलेली एक आणि पूर्ण संचाची एक, अशा तीन जीप साताऱ्यातून पुण्याला आणून द्यायची आमची तयारी आहे. तारीख आपण कळवावी.

आपला विश्वासू,
साताऱ्यातील एक गॅरेजचालक